हलक्या बंदुकीचा धक्का

बंदुकीला दोन टोके असतात, आणि त्यांतले एक नेहमी आपल्या अंगाला टेकलेले असते. गोष्टी लिहिताना मात्र आपण फक्त पुढच्या टोकाचा हिशेब ठेवतो. ‘धाडकन बार झाला आणि वाघ कोसळला’ असली वाक्ये शिकारकथांतून शेकड्याने सापडतील. त्याच क्षणी शिकाऱ्याच्या उजव्या खांद्याचे काय झाले, हे कोणी लिहीत नाही. वाघाकडे सगळ्यांचे डोळे. खांद्याला कोण विचारतो! सिनेमातला नायक तर एका हाताने रायफल झाडतो आणि त्याच्या कपाळावरची बटही हलत नाही.

माझ्या एका कादंबरीत एका वयस्क माणसाला डोंगरात रायफल चालवायची आहे. त्याचे वय, त्याची चण आणि त्याला चढायचा डोंगर पाहता त्याच्या हाती हलकी रायफल देणे भाग होते. ती दिली, आणि मग प्रश्न पडला की ही हलकी रायफल त्याला काय करील? तेव्हापासून मी या धक्क्याच्या मागे लागलो आहे. वाचले, जाणत्यांना विचारले, एका स्नेह्याच्या ओळखीने नेमबाजीच्या मैदानावर जाऊन .२२ची आणि आपल्या सरकारी कारखान्यात होते ती .३१५ची अशा दोन रायफली खांद्याला लावून पाहिल्या. कादंबरी अजून अर्ध्यावरच आहे. पण हा धक्का म्हणजे निव्वळ खांद्याचा प्रश्न नव्हे, एवढे कळून चुकले. शिकारीचे गुणगान करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो विषय मिटवला, आणि मिटवला हे उत्तम झाले. पण जिथे अजून रायफल घेऊन माणसे कायद्याने डोंगर चढतात, तिथे या धक्क्याची किंमत मोजणारा तिसराच कोणी असतो. तो पुढे येईल.

कोकणातल्या माणसाला बंदूक परकी नाही. आमच्या आजोळी शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. वाडीत अशा तीन-चार असतील. रात्री भातात डुकरे उतरली, दिवसा माडावर वानर चढले की मामा ती उतरवीत. नळीत दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग गजाने ठासायचे, मागे केप बसवायची. एवढ्या अवधीत वानर चार नारळ खाली टाकून निवांत निघून जाई. बार बहुतेक वेळा आभाळातच काढायचा. आवाज हेच त्या बंदुकीचे खरे काम. नुसत्या बोळ्याच्या बाराला बंदूक जेमतेम हलते आणि गोळी भरली की लाथ घालते, हे मामांना पक्के ठाऊक होते. नुसता बोळा आणि धूर बाहेर फेकायला जोर तो काय लागणार! जड काही पुढे जाईल तेव्हाच तितक्या जोराने मागे येईल. न्यूटनने १६८७ साली जे लॅटिनमध्ये छापले, ते मामा मालवणीत सांगत. खांद्याविषयीही त्यांचे एक वाक्य ठरलेले होते: “बंदूक खांद्याक टेकव नको, खांद्यात रुतव.” टेकवलेली बंदूक मारते, रुतवलेली बंदूक ढकलते. या एका वाक्यावर मी पुढे इंग्रजीतून पानेच्या पाने वाचली, आणि त्या पानांत मामांपेक्षा फारसे निराळे काही निघाले नाही.

ठासणीची बंदूक लांबलचक आणि जड. ती खांद्यावरून वाहून नेताना शिव्या घालाव्यात आणि उडवताना तिचे आभार मानावेत. काळ्या दारूचा जोरही सावकाश चढतो, त्यामुळे तिचा धक्का एखाद्या दांडगट पाहुण्याने पाठीत प्रेमाने थाप मारावी तसा असतो. आजच्या बिनधुराच्या दारूचे तसे नाही. ती टोचून बोलते.

मी मराठीचा मास्तर. पण हे गणित नववीच्या मुलालाही जमेल, म्हणून मांडतो. सात मिलिमीटर व्यासाची, नऊ ग्रॅम वजनाची गोळी घ्या. ती नळीतून सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने सुटते. तिच्यामागून तीनएक ग्रॅम दारूचा वायू सुटतो, तो तर गोळीपेक्षाही वेगाने. या दोघांचा मिळून जेवढा संवेग पुढे जातो, तेवढाच रायफलीला मागे घ्यावा लागतो. रायफल ३.४ किलोची असेल तर ती सेकंदाला सव्वातीन मीटरच्या वेगाने खांद्यावर येते. तिच्यातली ऊर्जा भरते १९ ज्यूल. ज्यूल हा शब्द जड वाटत असेल तर वाण्याच्या तराजूतले दोन किलोचे माप डोळ्यांपुढे आणा; ते मीटरभर उंचीवरून पडले की तेवढी ऊर्जा होते. आता हीच गोळी, हीच दारू, आणि रायफल तेवढी २.४ किलोची करा. वेग होतो पावणेपाच मीटर आणि ऊर्जा २७ ज्यूल. एक किलो वजन वाचवले आणि धक्का चाळीस टक्क्यांनी वाढला. निसर्गाच्या दुकानात उधारी नाही. दिवसभर खांद्यावर जे वाहिले नाही, ते एका क्षणात खांद्यावर घ्यावे लागते.

मग माणसे हलकी रायफल घेतातच कशाला? ज्याने सह्याद्रीचा एखादा घाट पाण्याची कळशी घेऊन चढला असेल, त्याला हा प्रश्न पडणार नाही. आल्प्समध्ये, स्कॉटलंडच्या टेकड्यांत, अमेरिकेच्या रॉकी पर्वतात शिकारी दहा-दहा तास चालतो आणि गोळी झाडतो एक. कित्येकदा तीही नाही. चालण्याचे ओझे रोजचे, धक्का क्वचितचा. म्हणून वजन कातरत जाण्याची ईर्षा तिकडे जुनीच आहे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता जाऊन तंतूंचा आला. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात मेल्विन फोर्ब्स नावाच्या कारागिराने पाच पौंडांच्या, म्हणजे सव्वादोन किलोच्या, आसपासच्या रायफली बांधून दाखवल्या. लष्करानेही हा मोह करून पाहिला आहे. १९४४ साली इंग्रजांनी जंगलातल्या लढाईसाठी आपल्या .३०३ रायफलीची नळी तोकडी केली, लाकूड तासले, लोखंड कोरले आणि नऊ पौंडांची वस्तू सातावर आणली. काडतूस मात्र तेच ठेवले. धक्का वाढणार हे ओळखून दस्त्याच्या बुडाला रबराची गादीही लावली. पण ती इतकी अरुंद, की सगळा मार एका बोटभर पट्ट्यात गोळा होऊ लागला. रबर जुने होऊन कडक झाल्यावर तर विचारायलाच नको. १९४७ला त्या रायफलीचे उत्पादन थांबले. गादी लावणाऱ्याचा हेतू चांगला होता. हेतू चांगला आणि गादी अरुंद, असे पुष्कळ कारभार आपण पाहतो.

पण इथवर मी जे सांगितले ते सगळे खांद्याविषयी झाले. खांदा सोसतो. निळा पडतो, चार दिवसांनी पिवळा होतो, विसरतो. मला गुंगवून टाकले ते निराळ्याच एका आकड्याने.

दारू पेटल्यापासून गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत एक सहस्रांश सेकंदाहून थोडासाच अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात रायफल मागे सरकते किती? वरच्याच वजनांवरून काढता येते: सुमारे दोन मिलिमीटर. हलकी असली तर अडीच. बस्स. खांद्याला जो दणका जाणवतो, नळी जी उंच उसळते, ते जवळजवळ सगळे गोळी निघून गेल्यानंतरचे. माणसाला जाणूनबुजून जबाब द्यायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तोवर गोळी शंभर मीटर पार करून लागायची तिथे लागलेली असते. म्हणजे धक्क्याने अंग हलले म्हणून नेम चुकला, हे म्हणणे खरे नव्हे. धक्का बिचारा उशिरा येतो. नेम चुकवते ती धक्क्याची वाट पाहणारी भीती, आणि ती आधी येते.

आमच्या शाळकरी दिवसांत छडी होती. हात पुढे करायचा आणि मास्तरांनी छडी उगारली की तो आपोआप मागे जायचा. छडी हवेत सपकन फिरायची, आणि मग हात मागे घेतल्याबद्दल दोन जादा. आम्ही मनात कितीही ठरवले की हात हलवायचा नाही, तरी हात ऐकत नसे. मार बसल्यावर हात मागे घेणे हा शहाणपणा झाला. मार बसण्यापूर्वीच घेणे ही हाताची स्वतःची आठवण असते. २००९च्या कायद्याने शाळेतली छडी बंद केली. नाहीतर रायफलीच्या चापाशी काय घडते, ते शिकवायला दुसरे साधन लागले नसते. चाप दाबला जाण्याच्या ऐन क्षणी पापणी मिटते, खांदा पुढे येतो, मनगट आवळते, नळीचे तोंड बोटभर खाली जाते. नेमबाजाला स्वतःला यातले काही कळत नाही, कारण लगेच बार होतो आणि त्या गोंधळात सारे पुरावे पुसले जातात. जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. शाळेतली शिस्त आणि बंदुकीची शिस्त एकाच शब्दात सापडावी, आणि दोन्ही भीतीने मोडाव्यात, याची मला गंमत वाटते.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त नॉर्वेत असतो. तिकडे एल्क नावाचे, घोड्याहून मोठे सांबर जंगलात पुष्कळ. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी दर शरदात ठरलेल्या आकड्याइतकी शिकार होते आणि मांस घरोघर वर्षभर पुरते. याच्या कचेरीतले अर्धे लोक त्या दिवसांत रजेवर. हाही त्यांच्यात शिरला. रायफल घेताना त्याने दोन चुका एकदम केल्या असे तो स्वतःच म्हणतो. डोंगर चढायचा म्हणून हलक्यात हलकी घेतली, आणि जनावर मोठे म्हणून .३०० मॅग्नम नावाचे दांडगे काडतूस निवडले. हलक्या रायफलीत त्या काडतुसाचा धक्का मी वर सांगितलेल्या १९ ज्यूलच्या अडीच पटीवर जातो. तिथल्या कायद्याने मोठ्या जनावराच्या शिकारीआधी दर वर्षी परीक्षा द्यावी लागते. आधी सरावाच्या तीस गोळ्या, मग शंभर मीटरवर पाच, आणि त्या पाचही तीस सेंटिमीटरच्या वर्तुळात पडल्या पाहिजेत. वर्तुळ तसे पुरणपोळीहून मोठे. तो उत्तीर्ण झाला. पण त्या तीस गोळ्यांनी त्याच्या अंगाला जे शिकवायचे ते शिकवून ठेवले होते.

पहिल्याच हंगामात त्याच्यासमोर एल्क आले. साठ-सत्तर मीटर, आडवे उभे, मोकळ्या जागेत. याहून सोपा नेम कोणाला मिळणार नाही. मला पत्रात त्याने लिहिले: “सर, आवाज आठवत नाही. धक्का तर मुळीच आठवत नाही. ते चालत राहिले, तेवढे आठवते.” गोळी खाली, पुढच्या पायाला लागली होती. तिकडे जखमी जनावर सोडून येण्याची मुभा नाही; माग काढणारा तयार कुत्रा असलाच पाहिजे असा नियम आहे. कुत्रा आला, त्याचा मालक आला, आणि अंधार पडण्याच्या सुमाराला दलदलीच्या काठी त्या मालकाने दुसऱ्या गोळीने ते प्रकरण संपवले. मध्ये साडेपाच तास गेले होते. त्या साडेपाच तासांविषयी पत्रात एकच ओळ होती आणि ती खोडलेली होती.

शिकारी लोक छातीठोक सांगतात की जनावर समोर असताना धक्का जाणवतच नाही. ते खरेच आहे, आणि म्हणूनच फसवे आहे. धक्का जाणवत नाही. पण पापणीला झालेली सवय ती जाणीव होण्याची वाट पाहत बसत नाही.

पुढे एका जुन्या नेमबाजाने त्याचे निदान केले. रीत मोठी साधी आहे. मॅगेझिनमध्ये भरलेल्या काडतुसांत दोन-तीन खोटी मिसळायची, कोणते केव्हा येणार हे नेमबाजाला कळू द्यायचे नाही. खऱ्या काडतुसाला धडाक्यात सगळे झाकून जाते. खोट्याला नुसते ‘टक्’ होते, आणि त्या शांततेत माणूस उघडा पडतो. माझ्या विद्यार्थ्याच्या रायफलीने पहिल्या ‘टक्’ला जमिनीला नमस्कार केला. आजूबाजूचे चारजण हसले नाहीत, याचे त्याला अधिक वाईट वाटले.

यावर उपाय पुष्कळ आहेत आणि ते विकणारेही पुष्कळ. सगळ्यात जोरात विकला जातो तो मझल ब्रेक: नळीच्या तोंडाशी फिरवून बसवायचा भोके पाडलेला तुकडा. गोळीच्या मागून येणारा वायू त्या भोकांतून बाजूला आणि मागे वळतो, आणि रायफलीला उलट पुढे ओढतो. गोळीच्या वाट्याच्या धक्क्याला तो हात लावू शकत नाही, पण वायूच्या वाट्याचा मोठा भाग खाऊन टाकतो. दांडग्या काडतुसात तो भाग मोठा, म्हणून तिथे फरकही मोठा. मात्र वळलेल्या वायूबरोबर आवाजही वळतो. झाडणाऱ्याच्या आणि शेजारी उभ्या असलेल्या वाटाड्याच्या कानांचे जे होते ते कायमचे होते. कानात गेलेले परत येत नाही. स्वतःचा खांदा वाचवून दुसऱ्याचा कान घ्यायचा, हा सौदा मला सभ्य वाटत नाही. नॉर्वे-फिनलंडकडे त्यापेक्षा सायलेन्सर लावतात. आपल्याकडे तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे मारेकरी येतो. तिकडे तो शेजाऱ्याच्या कानाची आणि कुत्र्याचीही काळजी म्हणून लावतात. धक्का त्यानेही कमी होतो, आणि नळीच्या टोकाला थोडे वजन आल्याने हलक्या रायफलीचे ते भिरभिरणारे तोंडही ठिकाणावर राहते.

बाकीचे उपाय शिंप्याच्या कामासारखे आहेत. दस्ता माणसाच्या मापाचा हवा. लांब असला तर दंडावर बसतो, आखूड असला तर अंगठ्याचा सांधा नाकावर येऊन आदळतो. दस्त्याची वरची कड सरळ असली तर धक्का सरळ मागे जातो. उतरती असली तर नळी उसळते आणि लाकूड गालफडात बसते. गादी मऊ हवीच, पण त्याहून रुंद हवी. ती जंगलातली रायफल आठवा. वर दुर्बीण बसवलेली असेल तर डोळा तिच्यापासून हातभर नव्हे पण चांगला चार बोटे दूर हवा. हलकी रायफल वेगाने मागे येते आणि दुर्बिणीची कड भुवईवर चंद्रकोर कोरते. अनेक नामांकित शिकाऱ्यांच्या कपाळी ती कोर असते आणि तिच्याविषयी विचारलेले त्यांना आवडत नाही. शिवाय उभ्याने झाडले तर कमरेपासून वरचे अंग झाडासारखे लवते आणि धक्का वाटून जातो. पालथे पडून झाडले तर मागे सरकायला जागाच नसते, सगळा मार हाडाला. म्हणून पहिल्या गोळ्या पालथे पडून झाडू नयेत. आणि दिवसाला दहा-पंधरा गोळ्यांवर थांबावे. अंग थकले की ते नको ते शिकते.

पण या सगळ्यांहून मोठा उपाय विकणाऱ्याला परवडत नाही. तो म्हणजे लहान काडतूस. स्वीडन-नॉर्वेच्या जंगलांत शंभराहून अधिक वर्षे साडेसहा मिलिमीटरच्या साध्या, सौम्य लष्करी काडतुसाने एल्क मारले जात आले आहेत. एल्कला ते काडतूस लहान आहे हे कोणी सांगितलेले दिसत नाही. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या स्कॉटिश माणसाने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बहुतेक सात मिलिमीटरच्या माउझर काडतुसाने. हस्तिदंतासाठी चाललेला तो संहार वाचताना आज पोटात ढवळते. पण या माणसाने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवले होते, आणि हात न बावरता गोळी तिथे घालता यावी म्हणून बारकी रायफल वापरली. बाकीचे गोरे शिकारी तोफेएवढ्या बंदुका घेऊन डोळे मिटत होते. माझ्या विद्यार्थ्यानेही ती .३०० विकली, साडेसहाची एक जुनी, लाकडी दस्त्याची, किलोभर जड रायफल घेतली आणि पहिले वर्ष जवळजवळ सगळे .२२वर काढले. .२२ला धक्काच नसतो. अंगाने शिकलेले अंगालाच विसरायला लावायचे तर भीतीचे निमित्त आधी काढून घ्यावे लागते. त्याला एक वर्ष लागले. “एल्कने साडेपाच तास दिले सर, मी एक वर्ष दिले,” असे त्याने लिहिले. यावर मी काय उत्तर देणार!

नेम थोडासा चुकला म्हणजे काय होते, याची सगळ्यात लांबलचक नोंद आपल्याच देशात आहे. जिम कॉर्बेटने १९०७ साली कुमाऊँत चंपावतची वाघीण मारली, तिच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊँ मिळून सव्वाचारशेहून अधिक माणसे होती. ती मेल्यावर त्याने तिचे तोंड उघडून पाहिले. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते, वरचा अर्धा आणि खालचा पार हाडापर्यंत. कधीकाळी कोणीतरी झाडलेल्या गोळीचे ते काम. नेहमीची शिकार तिला धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असे त्याचे मत. ती गोळी कोणाची, ठासणीची की रायफलीची, पापणी मिटली होती की अंधार होता, हे कळायला आता मार्ग नाही. सुळ्यांऐवजी चार बोटे मागे लागली असती तर वाघीण तिथेच संपली असती. चार बोटे पुढून गेली असती तर ती घाबरून रानात पळाली असती आणि म्हातारी होऊन मेली असती.

त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. लंडनच्या रिग्बीने बांधलेली, .२७५ची. म्हणजे काडतूस बेलचेच, सात मिलिमीटरचे माउझर. इंग्रजांच्या देशात त्याला निराळे नाव. वजन साडेतीन किलोच्या आत. मी वर मांडलेले गणित, नऊ ग्रॅमची गोळी आणि १९ ज्यूल, ते याच जातीच्या रायफलीचे. कॉर्बेटजवळ जड दुनळीही होती. पण डोंगरात पायी भटकायला तो पुष्कळदा ही हलकीच घेई.

११ एप्रिल १९३० रोजी चौगढच्या वाघिणीच्या मागावर तो एका ओढ्यात उतरला. या वाघिणीने पाच वर्षांत चौसष्ट माणसे मारली होती. वाटेत त्याला उघड्या जमिनीवर रातव्याची दोन अंडी दिसली. अंडी गोळा करण्याचा त्याला छंद होता. ती निराळ्या घाटाची वाटली म्हणून त्याने उचलून शेवाळात ठेवून डाव्या हातात धरली. पुढे एका मोठ्या खडकाला वळसा घालून उजवीकडे मान वळवली तो वाघीण आठ फुटांवर, दबा धरून, थेट त्याच्या डोळ्यांत पाहत बसलेली. डाव्या हातात अंडी. उजव्या हातात रायफल, छातीवर आडवी, तोंड वाघिणीच्या उलट दिशेला. त्याने ती एका हाताने, वाघिणीला हालचाल जाणवणार नाही इतक्या सावकाश, जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवत आणली. हात लुळा पडायची वेळ आली होती, असे तो सांगतो. नळी तिच्या अंगावर रोखली जाताच त्याने चाप दाबला. खांद्याला दस्ता नाही, गालाला लाकूड नाही, डोळ्यापुढे माशी नाही. मामांनी पाहिले असते तर कपाळावर हात मारला असता. बार झाला, आणि वाघिणीची मान सावकाश पंजांवर टेकली.

‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या १९४४च्या पुस्तकात त्याने स्वतः याचा विचार केला आहे. त्याच्या हिशेबी तीन गोष्टी वरवर पाहता विरुद्ध होत्या, पण प्रत्यक्षात उपयोगी पडल्या. पहिली डाव्या हातातली अंडी. ती नसती तर दोन्ही हात एकदम वळवण्याचा मोह झाला असता आणि वाघिणीने झेप घेतली असती. दुसरी ती हलकी रायफल. जड दुनळी एका हाताने फिरली नसती. तिसरी, वाघीण माणसांना सरावलेली होती. धक्का जाणवल्याचे तो जाता जाता सांगतो, त्यापलीकडे त्याविषयी काही लिहीत नाही. एका हातात धरलेली रायफल सव्वातीन मीटरच्या वेगाने मागे आली असणार. मनगटाने ती कशी झेलली, कोण जाणे. ती भीती त्याच्या अंगात उरलीच नव्हती, की आठ फुटांवरच्या त्या डोळ्यांपुढे तिला जागाच नव्हती, हे त्याच्या लिखाणातून ठरवता येत नाही. मी ते पान पुष्कळदा वाचले आहे, माझ्या म्हाताऱ्या शिकाऱ्यासाठी.

वाघीण मेल्याची खात्री झाल्यावर कॉर्बेटने अंडी तपासली. ती शाबूत होती. तो मागे गेला आणि ती त्याने होती तिथे परत ठेवली. अर्ध्या तासाने त्याच वाटेने परतताना पाहिले तर रातवीण अंड्यांवर येऊन बसली होती. तिचा रंग मातीशी इतका मिळून गेला होता, की जागा ठाऊक असूनही त्याला ती पटकन दिसली नाही.